पेद्रो जिबेर्त, 'पांडा' आणि वीस हजार डॉलर

गलबतवाला

मंडळी, गेले दोन आठवडे एका माणसाने डोकं खाल्लंय म्हणून हा धागा. कॅरिबियन चाचे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक डोळा झाकलेला, खांद्यावर पोपट, सतराशे साल वगैरे येतं. हा गडी त्यातला नाही. पेद्रो जिबेर्त, मूळचा कॅटलोनियाचा, इंग्रजी कागदात कुठे गिबर्ट कुठे गिल्बर्ट. आणि काळ बघा, १८३२. म्हणजे इंग्लंडात रेल्वे सुरू झालेली, वाफेची जहाजं आलेली, वर्तमानपत्रं निघतायत, आणि हा अजून शिडाच्या जहाजावरून लूट करतोय.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट लूसी नावाचं समुद्राचं तोंड आहे, तिथल्या वाळूच्या दांड्याला 'गिल्बर्ट्स बार' म्हणतात. तिकडे सांगतात की हा आधी साधा व्यापारी खलाशी होता, मग स्पेनच्या वसाहती फुटायला लागल्या तेव्हा कोलंबियाच्या बाजूने परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणारा झाला आणि लढाई संपल्यावर परवाना गेला पण सवय राहिली. किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून जहाजांना दांड्यावर चढवायचा असंही सांगतात. ही झाली दंतकथा. कागदावर जे पक्कं आहे ते २० ऑगस्ट १८३२ ला सुरू होतं, 'पांडा' नावाचं स्कूनर (दोन डोलकाठ्यांचं चपळ शिडाचं जहाज) क्यूबातल्या हवानाहून आफ्रिकेला निघालं तिथून. कॅप्टन जिबेर्त, मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) बर्नार्दो दे सोतो, सुतार फ्रान्सिस्को रुईझ आणि बाकी तीसचाळीस जण.

त्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातून 'मेक्सिकन' नावाचं ब्रिग (हेही दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज) ब्राझीलमधल्या रिओला निघालं. मालक जोसेफ पीबडी (ह्याच पीबडीचं 'जॉर्ज' नावाचं जहाज सेलम-कलकत्ता फेऱ्या करायचं, एकवीस फेऱ्या केल्या त्याने, हे जाता जाता). कॅप्टन जॉन बटमन. क्रू सगळी मिळून तेरा माणसं. आणि पोटात वीस हजार डॉलर, रोकड चांदी.

२० सप्टेंबरला भर अटलांटिकमध्ये दोघांची गाठ पडली. काळं, लांबट, ठेंगणं स्कूनर, कडेला एक बारीक पांढरा पट्टा, मधोमध मोठी तोफ. बटमनला आदल्या रात्रीपासूनच शंका आलेली पण पळून जाणार कुठे, स्कूनर कितीतरी वेगवान. पांडावरची माणसं सुरे पिस्तुलं घेऊन चढली, मारहाण केली, मेक्सिकनच्याच खलाशांकडून चांदीच्या पेट्या वर काढून घेतल्या. मग त्यांना प्रश्न पडला की या तेरा जणांचं करायचं काय. जिबेर्तला विचारलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, मेलेलं मांजर म्यांव करत नाही.

सगळ्यांना खाली कोंडलं, दारं बंद केली, शिडं आणि दोर कापले, स्वयंपाकाच्या खोपटात डांबर लावलेले दोर पेटवून दिले आणि निघून गेले.

पुढचं रात्री टाकतो, आत्ता ऑफिसला निघालोय. आणि प्लीज, कान्होजी आंग्र्यांचा विषय काढू नका, दर धाग्यावर तेच होतं.

काकडीचीकोशिंबीर

कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज पायरेटच म्हणायचे ना पण :ड

गलबतवाला

काढलाच! अहो आंग्र्यांच्या मागे राज्य होतं, सरखेल पद होतं, त्यांचं दस्तक घेऊन जहाजं फिरायची. इंग्रजांना ते दस्तक मानायचं नव्हतं म्हणून पायरेट. जिबेर्तकडे १८३२ मध्ये कुणाचाच कागद नव्हता. विषय बंद.

मीनल_के

अर्धवट काय सोडलंत, ती तेरा माणसं मेली का वाचली??

गलबतवाला

वाचली. आणि कशी वाचली ते ऐका. वरच्या उजेडासाठी केबिनला झरोका असतो तसा एक बंद करायचा राहून गेला होता. खाली सगळे घाबरलेले, कुणी रडतंय, बटमनने आधी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग त्या झरोक्यातून वर डोकावला. पांडा अजून नजरेच्या टप्प्यात. तिथे साधा माणूस काय करेल, धावत जाऊन आग विझवेल. ह्याने नाही विझवली. बादल्या मारून जाळ फक्त दाबून ठेवला आणि धूर चालू दिला. लांबून चाच्यांना दिसतंय की जहाज मस्त जळतंय, काम झालं. स्कूनर क्षितिजाखाली गेल्यावर मग पूर्ण विझवली, दोर जोडले, फाटकी शिडं शिवली. उपकरणं बहुतेक चाच्यांनी फोडली नाहीतर नेली होती पण थोडी दडवून ठेवलेली सापडली. १२ ऑक्टोबरला जहाज सेलमला परत.

मी तर म्हणतो ह्या सगळ्या कथेतला सगळ्यात हुशार माणूस तो बटमन. आपण चाच्यांवर धागे काढतो ते सोडा.

सेकंडमेट

वाचतोय. मी सध्या जहाजावरच आहे (टँकर, ठिकाण सांगत नाही), नेट आलं की लिहितो. धूर ठेवायची आयडिया वाचून खरंच टोपी काढली. आगीच्या ड्रिलमध्ये आम्हाला शिकवतात की पहिली दोन मिनिटं महत्त्वाची, उशीर केला तर जहाज गेलं. लाकडी जहाज, त्यात डांबर, त्यात दोर, आणि तो माणूस आग जिवंत ठेवतोय आणि तिच्यावर नजर ठेवून बसलाय. हाताला किती कंप सुटला असेल.

दुसरं म्हणजे गाठ पडली ती जागा. ३३ अंश उत्तर अक्षांश आणि साधारण साडेचौतीस अंश पश्चिम रेखांश असं असेल तर ते कॅरिबियन नाहीच, अझोर्स बेटांच्या खाली नैर्ऋत्येला येतं. बऱ्याच जणांना वाटेल हवानाहून आफ्रिकेला जाणारा इतका वर कशाला जाईल. शिडाच्या जहाजाला सरळ रेषा नसते हो. हवानाहून सरळ पूर्वेला निघालात तर व्यापारी वारे, म्हणजे कायम पूर्वेकडून वाहणारे, तोंडावर. म्हणून गल्फ स्ट्रीम, म्हणजे उत्तरेकडे वाहणारा समुद्रातला प्रवाह, धरून आधी उत्तरेला जायचं, वरचे पश्चिमेचे वारे पकडायचे आणि मग खाली आफ्रिकेकडे उतरायचं. आणि सेलमहून रिओला जाणाराही आधी भरपूर पूर्वेला जातो कारण ब्राझीलचा जो फुगवटा आहे ना तो टाळायचा असतो, तिथे वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला अडकलात की महिनाभर तिथेच. म्हणजे दोन्ही रस्ते तिथेच कुठेतरी एकमेकांना कापणार. जिबेर्त शिकार शोधत हिंडत होता असं मला तरी वाटत नाही. रस्त्यात पाकीट दिसलं आणि उचललं.

गलबतवाला

भारी! हे मला कुठल्याच लेखात मिळालं नव्हतं. मी उगाच नकाशावर रेघा मारत बसलो होतो.

बटाटेभात

एक शंका. वीस हजार डॉलर रोकड घेऊन रिओला कशाला? माल न्यायचा ना?

गलबतवाला

थोडा माल होता, चहा, सोरा असला. पण खरी खरेदी रिओला करायची होती आणि तिथे अमेरिकन कागदी नोट कोण घेणार. चांदी सगळीकडे चालायची. गंमत म्हणजे त्या काळात अमेरिकेतसुद्धा स्पॅनिश चांदीचा डॉलर कायदेशीर चलन होता, तो १८५७ पर्यंत चालला. म्हणजे मेक्सिको-पेरूच्या खाणीतली चांदी, तिच्यावर स्पेनच्या राजाचं तोंड, ती अमेरिकेच्या पेटीत, आणि लुटली स्पॅनिश लोकांनी. फिरून भोपळे चौकात.

मीनल_के

पकडले कसे पण? समुद्राच्या मध्यात लुटलंय, साक्षीदार मेले असं त्यांना वाटतंय, मग?

गलबतवाला

साक्षीदार जिवंत घरी पोचले तिथेच ते फसले. सेलममध्ये वर्णन छापून आलं, काळं स्कूनर पांढरा पट्टा वगैरे, आणि ती बातमी जहाजांबरोबर फिरत फिरत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. तिथे ब्रिटिश नौदल गस्त घालत होतं. १८३३ च्या जूनमध्ये 'कर्ल्यू' जहाजाच्या कॅप्टन ट्रॉटरने केप लोपेझजवळ नाझरेथ नदीत पांडाला गाठलं. होड्या येताना दिसल्यावर चाचे किनाऱ्यावर पळाले, जाताना दारूगोळ्याच्या कोठाराला बत्ती लावून गेले. इंग्रज चढले तेव्हा ती जळत होती, वेळेत विझवली. (नंतर तीच पांडा इंग्रजांच्या ताब्यात असताना स्फोट होऊन गेलीच, तिच्या नशिबात तेच होतं.) तिथल्या राजाने ह्यांना आसरा दिलेला, मग बरीच झटापट, थोडे इथे सापडले थोडे आसपासच्या बेटांवर. शेवटी 'सॅव्हेज' नावाच्या ब्रिटिश जहाजाने ऑगस्ट १८३४ मध्ये त्यांना थेट सेलमला आणून अमेरिकेच्या हवाली केलं. ज्या गावचं जहाज लुटलं त्याच गावात बेड्या घालून उतरवले. गाव लोटलं असणार बघायला.

काळाकोट

आत्ता माझ्या आवडीचा भाग आला, म्हणून एवढा वेळ गप्प होतो.

गलबतवाला, तुम्ही एक गोष्ट हळूच गाळलीत, मुद्दाम नसेल. पांडा आफ्रिकेला कशाला निघालं होतं? हवाना ते केप लोपेझ, १८३२ साली, तीसचाळीस माणसं आणि मोठी तोफ. साखर विकायला नाही. गुलाम म्हणून विकायला माणसं भरून आणायला. स्पेनने इंग्लंडशी १८१७ मध्ये करार करून हा व्यापार १८२० पासून बंद केला होता, कागदावर. क्यूबाच्या उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती म्हणून हवानाहून जहाजं उघड सुटत होती. पांडा त्यातलं एक.

आता गंमत. ट्रॉटरने पांडा पकडलं ते लुटीसाठी. गुलाम जहाज म्हणून स्पॅनिश जहाज पकडायचं तर त्यावर गुलाम प्रत्यक्ष असायला लागायचे. बेड्या, जादा पाण्याची पिंपं, फळ्यांचे माळे असं सगळं सामान दिसत असलं तरी रिकामं जहाज धरता येत नव्हतं, ती सोय १८३५ च्या नव्या करारात आली. म्हणजे जिबेर्तने वाटेत ती चांदी उचलली नसती तर त्याच नदीत ट्रॉटर त्याच्याकडे बघत राहिला असता फक्त.

आणि बॉस्टनच्या कोर्टात समोर बसले होते न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी. ह्या माणसाने १८२२ मध्ये एका फ्रेंच जहाजाच्या केसमध्ये लिहिलं होतं की गुलामांचा व्यापार हा राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध आहे. तीन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने, सरन्यायाधीश मार्शलच्या निकालात, ते मानलं नाही. आणि ह्याच स्टोरींनी पुढे १८४१ मध्ये 'आमिस्ताद'चा (गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकनांनी बंड केलेलं जहाज) निकाल लिहिला, तेही हवानाचंच स्कूनर. पण १८३४ मध्ये त्यांच्यासमोर गुलामांचं जहाज चालवणारी माणसं उभी होती आणि प्रश्न एकच, चांदी ह्यांनी घेतली का.

बटाटेभात

अमेरिकेत तर गुलामीच कायदेशीर होती तेव्हा, मग कुठल्या तोंडाने विचारणार?

काळाकोट

गुलामी कायदेशीर होती, पण बाहेरून माणसं आणणं १८०८ पासून बंद होतं. इतकंच नाही, मे १८२० चा अमेरिकेचा चाचेगिरीचा कायदा आहे त्यात एका कलमात समुद्रावरच्या लुटीला फाशी आहे आणि लगेच पुढच्या दोन कलमांत गुलाम वाहून नेणं हीसुद्धा चाचेगिरीच, त्यालाही फाशी. एकाच कागदावर, एकाखाली एक. फक्त पुढची दोन कलमं अमेरिकन माणूस किंवा अमेरिकन जहाज असेल तरच. आणि त्यांचा वापर किती झाला? फाशी गेलेला एकच माणूस, नॅथॅनियल गॉर्डन, न्यूयॉर्कला, फेब्रुवारी १८६२. बेचाळीस वर्षांत एक. लुटीसाठी मात्र दोराला कधी सुट्टी नव्हती.

मीनल_के

:( हे वाचून मेक्सिकनच्या तेरा जणांबद्दल जे वाटत होतं ना, कोंडलेलं जहाज, वर दारं बंद, खाली अंधार, ते एकदम वेगळंच वाटायला लागलं. पांडाला असंच शेकडो माणसांना कोंडून न्यायचं होतं. ह्यांना लोकांना खाली कोंडायची सवयच होती की.

सेकंडमेट

मीनलताई, अगदी. मला हे सुचलं नव्हतं. दार बाहेरून कसं बंद करतात हे त्या क्रूला शिकवायला लागलं नसणार.

हल्ली उलटं आहे. चाचे चढले तर आम्हीच आत जाऊन आतून बंद करून घेतो, सिटाडेल म्हणतात, खाणंपाणी, सॅटेलाईट फोन सगळं आत ठेवलेलं. मी त्याच किनाऱ्यावर, म्हणजे गिनीच्या आखातात, दोनदा जाऊन आलोय. रेझर वायर लावून, डेकवर दिवसरात्र पहारा. रात्री होडीचा दिवा दिसला तरी पोटात गोळा येतो, निम्म्या वेळा साधे मच्छीमार असतात बिचारे.

गलबतवाला

काळाकोट, मुद्दाम गाळलं नव्हतं पण खरं सांगू का, मी आधी ते 'आफ्रिकेला निघालं' असं वाचून पुढे गेलो होतो. चांदी, आग, पाठलाग ह्यातच रमलो. चूक कबूल.

खटल्याचं थोडं लिहितो. नोव्हेंबर १८३४, बारा आरोपी, दोन आठवडे चालला. पांडावरचाच एक जण, पेरेझ, माफीचा साक्षीदार झाला. मेक्सिकनचे खलाशी एकेकाला बोट दाखवून ओळखत होते. सात दोषी, पाच सुटले. सुटलेल्यांत कोस्ता नावाचा पंधराएक वर्षांचा पोरगा होता आणि अंतोनियो फेरेर, आफ्रिकन, चेहऱ्यावर जमातीचं गोंदण, जहाजावर आचारी.

काळाकोट

फेरेर! बघा, त्या सगळ्या खटल्यात गुलामांच्या व्यापारातून आलेला माणूस हजर होता तो आरोपीच्या पिंजऱ्यात. ज्युरीला निदान एवढं कळलं की ह्याला 'नको' म्हणायची सोय नव्हती.

आणि बचावाचा वकील कोण माहितीये? डेव्हिड ली चाइल्ड. बॉस्टनमधला पक्का गुलामीविरोधी माणूस, बायको लिडिया मारिया चाइल्ड त्याहून कडक, तिने आदल्याच वर्षी गुलामीविरुद्ध पुस्तक लिहून स्वतःचं लेखनाचं बस्तान मोडून घेतलं होतं. आणि हा गुलाम जहाजाच्या क्रूसाठी दोन आठवडे उभा राहिला. आमच्या धंद्यात ह्यालाच वकिली म्हणतात, लोकांना पटत नाही तो भाग वेगळा.

काकडीचीकोशिंबीर

फाशी झाली का मग सगळ्यांना?

गलबतवाला

सात पैकी एक सुटला, मेट बर्नार्दो दे सोतो. त्याची कथा वेगळीच. ह्या लुटीच्या आधी, १८३१ मध्ये, तो दुसऱ्या एका जहाजावर होता तेव्हा बहामाजवळ 'मिनर्व्हा' नावाचं अमेरिकन जहाज खडकावर बसलेलं, त्यावरची सत्तरच्या वर माणसं ह्याने जीव धोक्यात घालून वाचवलेली. ज्युरीनेच दयेची शिफारस केली. त्याची तरुण बायको पेत्रोना स्पेनहून अटलांटिक पार करून आली, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनपुढे विनवणी केली, आणि माफी मिळाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हे नंतर कुणीतरी घुसडलंय, इतकं नाटकी. पण माफीपत्रात मिनर्व्हाचाच उल्लेख आहे.

एकच माणूस. एका वर्षी सत्तर जण पाण्यातून काढतो, पुढच्या वर्षी तेरा जणांना जळायला सोडून जाताना तिथे हजर असतो.

बाकीच्या सहांपैकी पाच ११ जून १८३५ ला बॉस्टनच्या लेव्हरेट स्ट्रीट तुरुंगात फासावर गेले. जिबेर्तकडे आदल्या दिवशी काचेचा तुकडा सापडला, गळा कापायचा बेत होता. मान्वेल बोयगाने तर खरंच कापून घेतला, रक्त जाऊन उभं राहवेना, तर त्याला खुर्चीत बसवून खुर्चीसकट तख्तावर नेला. सुतार रुईझने वेड्याचं सोंग घेतलेलं, ते तीन महिने चाललं, मग सप्टेंबरमध्ये तोही. 

बटाटेभात

दे सोतो म्हणजे तोच ना जिब्राल्टरला लटकावलेला? त्याच्यावर मी काहीतरी वाचलंय.

गलबतवाला

नाही नाही, तो बेनितो दे सोतो, गॅलिसियाचा, पोन्तेवेद्राचा. त्याचं टोक आधीचं, जानेवारी १८३० ला जिब्राल्टरला फाशी. पण बघा, तोसुद्धा 'देफेन्सोर दे पेद्रो' ह्या गुलाम जहाजावरचा, बंड करून ते जहाज पळवलं आणि मग लुटायला लागला. काळाकोट म्हणतायत ते खोटं नाही, हे शेवटचे स्पॅनिश चाचे एकाच गटारातून वर आलेत.

फ्लोरिडाचा तो दुसरा, होसे गास्पर 'गास्परिया', तो मात्र चक्क बनावट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका रेल्वे कंपनीने हॉटेलच्या जाहिरातीसाठी माहितीपत्रक छापलं त्यात त्याचं चरित्र होतं. टॅम्पाला १९०४ पासून त्याच्या नावाने जत्रा भरते, लोक चाच्यांचे कपडे घालून जहाजातून येतात. खरा जिबेर्त कुणाला माहीत नाही आणि कधी नसलेल्या माणसाची मिरवणूक निघते.

काकडीचीकोशिंबीर

पण ते वीस हजार??? गिल्बर्ट्स बारला पुरलेत का? बॅग भरू का?

गलबतवाला

बसा खाली. लूट झाल्यावर पांडा आफ्रिकेला गेलं, फ्लोरिडाला नाही. चांदी जहाजावर वाटली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उडवली. सेंट लूसीजवळ नाणी सापडतात ती वेगळी, १७१५ च्या वादळात स्पेनचा खजिन्याच्या जहाजांचा ताफा तिथे बुडाला त्याची, म्हणून त्या किनाऱ्याला ट्रेझर कोस्ट म्हणतात. गिल्बर्ट्स बारवर पुरलेला खजिना नाही, एक लाकडी घर आहे, १८७६ मध्ये सरकारने बांधलेलं. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या खलाशांनी तिथे आसरा घ्यायचा, खाऊनपिऊन कपडे वाळवायचे. अजून उभं आहे.

सेकंडमेट

त्या घराचा फोटो असेल तर टाका. नेट उद्या संध्याकाळपर्यंत आहे, नंतर दहा दिवस नाही.